सायकलनामा : मागे किती जण होते?



गेल्या दिवाळी अंकात याच पानावर मी दोह्यात सायकल कुठे आणि कधी चालवावी याबद्दल लिहिलं होतं. अंक सांगलीला पोचला, मामांनी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मला पकडलं. "ते रस्ते-बिस्ते ठीक आहे रे. पण तू शर्यतीत उतरतोस म्हणे, आणि तुमचा संघ आहे म्हणे. सायकलच्या शर्यतीला संघ कशाला? ज्याच्या पायात जोर तो पुढं. त्यात डाव कसला आणि पेच कसला?"

मामा तालमीत वाढलेले. डाव आणि पेच हे शब्द ते उगाच वापरत नाहीत. मी काहीतरी उत्तर देऊन विषय बदलला. कारण खरं उत्तर द्यायचं तर माझी एक चूक सांगावी लागली असती, आणि ती चूक तेव्हा अगदी ताजी होती, दोनच आठवड्यांपूर्वीची. आता वर्ष होत आलं. तेव्हा मामा, हे उत्तर तुमच्यासाठी. आणि ज्यांच्या घरातला कोणीतरी शुक्रवारी पहाटे चार वाजता अंधारात पंपाने हवा भरत बसतो, त्या सगळ्या घरच्यांसाठीही.

आधी हंगामाबद्दल. आपल्याकडे दिवाळीला थंडी पडते, इथे दिवाळीला उकाडा कमी होतो. मे ते सप्टेंबर कतारमध्ये सायकल चालवायची तर पहाटे साडेतीनला निघून सूर्य वर यायच्या आत घरी परतायचं, नाहीतर खोलीत रोलरवर, पंख्यासमोर घाम गाळायचा. ऑक्टोबरच्या शेवटी हवा बदलते आणि नोव्हेंबरात पहिल्या शर्यती लागतात. म्हणजे नेमक्या फराळानंतर. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीच्या शर्यतीची एक गंमत असते : कोणाच्या पायात किती दम आहे हे कोणालाच माहीत नसतं, स्वतःचं स्वतःलासुद्धा नाही. उन्हाळ्यात कोणी मायदेशी जाऊन आलेला असतो, कोणी गुपचूप मेहनत केलेली असते, आणि बहुतेकांनी चकल्या खाल्लेल्या असतात. सगळे एकमेकांना जोखत असतात. उगाच जोर दाखवणारे पुष्कळ, आणि वळणावर पडणारेही या दिवसांत जास्त.

आमची शर्यत असते 'क्रिटेरियम' प्रकारची. आम्ही तिला नुसतं 'क्रिट' म्हणतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सायकल शर्यत म्हटलं की मुंबई–पुणे आठवते, बोरघाट आठवतो, तिथे ठरणारा 'घाटाचा राजा' आठवतो. इथे घाट नाही. कतारचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभरेक मीटर. आमचा घाट म्हणजे फ्लायओव्हर. क्रिट तर त्याहून सपाट. लहानसा बंद रस्ता, एक-दोन किलोमीटरांचा फेरा, चार-सहा वळणं, आणि त्यावर गोल गोल फिरायचं. अंतर आधी ठरलेलं नसतं. 'पंचेचाळीस मिनिटं अधिक तीन फेऱ्या' असं काहीतरी सांगतात. वेळ संपली की उरलेल्या फेऱ्यांचा आकडा पाटीवर लागतो आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते. मधेच एखाद्या फेरीलाही घंटा होते. ती फेरी जो पहिला पार करेल त्याला वेगळं छोटं बक्षीस. घोळक्यापासून फारच मागे पडलात तर पंच बाजूला काढतात. पाहणाऱ्यांना मात्र ही शर्यत सोयीची. एकाच जागी उभं राहायचं, दर तीन-साडेतीन मिनिटांनी आपला माणूस समोरून जातो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मामांचा प्रश्न : संघ कशाला?

उत्तर एका शब्दात : वारा. सपाट रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने जाताना सायकलवाल्याची बहुतेक ताकद रस्त्यावर खर्च होत नाही, समोरची हवा फाडण्यात जाते. आणि हा हिशेब मोठा निर्दय आहे. वेग दुप्पट केला तर हवेसाठी लागणारी ताकद दुप्पट नाही, आठपट होते. पण दुसऱ्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक हात-दीड हात अंतरावर ठेवलं, तर हवा तो फाडतो आणि आपली चतुर्थांश ते तृतीयांश ताकद वाचते. याला आम्ही 'चाक पकडणं' म्हणतो. म्हणजे चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या घोळक्यात पुढचा माणूस धापा टाकत असतो आणि पाचवा पाण्याची बाटली काढून सावकाश घोट घेत असतो. दोघांचा वेग एकच.

हे एकदा कळलं की मामांचे डाव आणि पेच आपोआप सुरू होतात. सर्वांत ताकदवान माणूस पूर्ण वेळ पुढे राहिला तर तो हमखास हरतो, कारण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये त्याच्या मागे बसलेला ताजातवाना गडी बाजूने निघून जातो. म्हणून कोणालाच पुढे राहायचं नसतं, आणि कोणीतरी राहिल्याशिवाय चालत नाही. कोणी राहायचं, किती वेळ आणि कोणासाठी, एवढंच ठरवायला संघ लागतो.

क्रिटमध्ये याला वळणांची भर. पुढचे पाच-सहा जण वळणावर जवळजवळ त्याच वेगाने जातात. मागचे मात्र दाटीमुळे ब्रेक लावतात आणि वळणानंतर तुटलेलं अंतर भरायला जीव काढून पेडल मारतात. सिग्नल हिरवा झाला की पहिली गाडी लगेच निघते, विसावी अर्ध्या मिनिटाने, तसंच. चार वळणं, सोळा-सतरा फेऱ्या : शेपटाकडे राहणारा साठ-सत्तर वेळा असा उसळतो. म्हणजे मागे बसून आराम ही गोष्टही पूर्ण खरी नाही. आराम मिळतो तो पाचव्यापासून पंधराव्यापर्यंत, आणि ती जागा सगळ्यांनाच हवी असते.

आमचा संघ सहा जणांचा. चार मराठी, एक कोळिकोडचा, एक फिलिपिनो. संघ म्हणजे फार मोठं काही नाही. एकसारखे शर्ट आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. आमच्यातला साताऱ्याचा पोरगा शेवटच्या दोनशे मीटरचा राजा. त्याच्याइतका झटका आमच्यात कोणाकडे नाही. आणि नाशिकचे दादा, वयाने पन्नाशी ओलांडलेले, वीस वर्षं कतारमध्ये काढलेले. झटका नाही, पण एकदा ठरावीक लयीत पाय फिरवायला लागले की तासभर थांबत नाहीत. मला दोह्यात घोळक्यात कसं चालवायचं हे त्यांनीच शिकवलं. पुढच्याच्या चाकाकडे पाहू नकोस, त्याच्या खांद्यांवरून पलीकडे पाहा. ब्रेक लावण्याआधी पेडल थांबव. बाटली काढताना रेषा सोडू नकोस. हे सगळं त्यांचं.

शर्यतीच्या आदल्या रात्री ग्रुपवर बेत ठरला तो असा. आमच्याकडे दोन पत्ते. पहिला पत्ता दादा : मध्यावर, वारा बाजूने लागतो तिथून ते निसटायचा प्रयत्न करतील. दोन-तीन जण सोबत आले तर उत्तम, आळीपाळीने हवा फाडता येते. दुसरा पत्ता साताऱ्याचा : दादा पकडले गेले आणि सगळे एकत्र शेवटच्या फेरीला आले, तर मी त्याला माझ्या चाकामागे घेऊन शेवटच्या वळणापर्यंत पुढे आणायचं आणि बाजूला व्हायचं. दहीहंडीत खालच्या थराला लोणी मिळत नाही, तसंच हे काम. बाकीच्यांनी एकच करायचं : दादा पुढे असताना काहीही करायचं नाही.

हे 'काहीही न करणं' हाच या खेळातला सर्वांत अवघड डाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

शुक्रवार, सकाळी सहा. लुसैलच्या बाजूचा बंद रस्ता, दोन किलोमीटरांहून थोडा मोठा फेरा. वायव्येकडून शमाल वारा, फार नाही, झेंडा ताठ राहील इतका. साठेक जण सुरुवातीच्या रेषेवर. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच माझी बायको आणि नऊ वर्षांची लेक पाहायला आल्या होत्या. लेकीने घरून कागदावर 'बाबा' लिहून आणलं होतं.

पहिल्या वीस मिनिटांत नेहमीचा गोंधळ. दर फेरीला कोणीतरी उसळतं, सगळे त्याच्या मागे धावतात, मग पुन्हा मंदावतात. एक जण वळणावर घसरला. उठला, खरचटलं तेवढंच. पंचविसाव्या मिनिटाला, उलट्या वाऱ्याच्या सरळ रस्त्यावर सगळे दमलेले असताना, दादा शांतपणे उजवीकडून निघाले. ते उसळले नाहीत. फक्त वेग कमी केला नाही. वळणानंतर वारा बाजूने लागला आणि दोघे जण त्यांच्याबरोबर गेले, वेगवेगळ्या क्लबांचे. बाजूच्या वाऱ्यात घोळक्याला चाक पकडून फारसा फायदा होत नाही, कारण आडोसा पुढच्याच्या मागे नसतो, तिरका बाजूला असतो आणि रस्ता तिथे संपतो. म्हणून जागा बरोबर निवडलेली. दोन फेऱ्यांत अंतर पंधरा सेकंदांवर गेलं. त्या वेगाला पंधरा सेकंद म्हणजे सुमारे एकशे पासष्ट मीटर. दिसतात, पण हाती लागत नाहीत.

आता आमचं काम सोपं होतं. ज्यांचा माणूस पुढे नाही, त्या क्लबांनी पाठलाग करायचा. आम्ही तिसऱ्या-चौथ्या जागेवर बसायचं, कोणी एकटा सुटू पाहिला तर त्याचं चाक पकडून फुकट सोबत जायचं, आणि हवा फाडायला एक क्षणही पुढे यायचं नाही. पाठलागवाले दमतील. दादा टिकले तर बक्षीस आपलं. नाही टिकले तरी साताऱ्याचा पोरगा ताजा. दोन्हीकडून आपलाच फायदा.

पाच फेऱ्या उरल्या तेव्हा अंतर बारा सेकंद झालं. माझे पाय त्या दिवशी विलक्षण हलके होते. वर्षातून दोनदा असा दिवस येतो. मी तिसरा होतो. समोर रेषेजवळ लेक कागद हलवत ओरडत होती, आणि मी तिच्यासमोरून गेलो तो दोन पाठींच्या मागून, तिला दिसलोही नसेन. मनात आलं : आपण एकट्याने ही बारा सेकंदं भरली तर? पुढे दादांसोबत आपण दोघे होऊ. चौघांत दोन आपले. कागदावर हा विचार चुकीचा नव्हता. एकट्याने झेप घेऊन पुढच्यांना गाठणं हा मान्य डाव आहे. पण त्याला एक अट आहे : मागे कोणी येता कामा नये.

मी उसळलो. डोकं खाली घातलं आणि पेडल मारत राहिलो. अंतर भराभर कमी होत होतं. पुढची फेरी आली, रेषेसमोर मी सर्वांत पुढे होतो, लेकीचा आवाज कानात शिरला, आणि मी आणखी जोर लावला. मी वळून पाहिलं नाही. मागे बावीस जणांची शेपटी होती. पहिल्या तीन जागांवर नेमके तेच दोन क्लब, जे दादांना पकडायला धडपडत होते. त्यांचं काम मी फुकट करून देत होतो. कोळिकोडचा मागून माझ्या नावाने ओरडत होता. मला वाटलं, शाबासकी देतोय.

दोन फेऱ्या उरल्या असताना मी दादांना गाठलं. मी म्हणजे मी आणि अख्खा घोळका. मी त्यांच्या बाजूला आलो तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणि पाय थांबवले.

पुढचं थोडक्यात. घंटा वाजली तेव्हा माझ्या पायांत काही उरलं नव्हतं. साताऱ्याच्या पोराला शेवटच्या वळणापर्यंत आणायचं काम माझं, आणि मी तिसावा. तो एकटाच दाटीतून वाट काढत राहिला, कठड्याच्या बाजूला अडकला आणि सातवा आला. मी तेविसावा. दादा त्याच्याही मागे. रेषेपलीकडे लेक धावत आली. "बाबा, तू पहिला होतास! मी पाहिलं! तू सगळ्यांत पुढे होतास!" तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं, आणि मला त्या वाक्याकडे पाहवेना.

नंतर सगळे करकच्या टपरीवर गेलो. कागदी कपातला तो गोड, वेलचीचा चहा आणि चपातीची गुंडाळी. कोणी काही बोललं नाही. साताऱ्याचा पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून. अर्धा कप संपल्यावर दादांनी विचारलं, "तू निघालास तेव्हा मागे किती जण होते?"

"दादा, मी वळून पाहिलंच नाही."

"हं," ते म्हणाले. "साखर जरा जास्त झालीय आज."

त्या रात्री झोप येईना. मी २०१६ ची शर्यत पुन्हा लावून पाहिली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जगातल्या उत्तमोत्तम सायकलपटूंसाठी दोहा हे अनोळखी गाव नव्हतं. २००२ ते २०१६ दर वर्षी हंगामाच्या अगदी सुरुवातीला 'टूर ऑफ कतार' व्हायची. महान बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स तिच्या आयोजनात होते. डोंगर नाही, प्रेक्षक थोडे, पण युरोपातले संघ इथे येत ते वाऱ्याची विद्या शिकायला आणि पारखायला. बाजूचा वारा आला की घोळका रस्त्यावर तिरका पसरतो. रस्त्याच्या रुंदीत जेवढे मावतात तेवढ्यांना आडोसा, उरलेले कडेला एका रांगेत, उघड्यावर. तिथे धागा तुटला की शर्यत तुटली. बेल्जियमचा टॉम बोनेन या विद्येत एवढा तयार की त्याने ही स्पर्धा चार वेळा जिंकली आणि तिचे बावीस टप्पे मारले.

आणि २०१६ च्या ऑक्टोबरात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दोह्यात झाली. मध्यपूर्वेत पहिल्यांदाच. १६ ऑक्टोबरची पुरुषांची शर्यत २५७ किलोमीटरांची : अस्पायरहून निघून उत्तरेला वाळवंटात मोठा फेरा, मग पर्लवर पंधरा किलोमीटरांच्या सात फेऱ्या. आम्ही काही जण त्या दिवशी पर्लला कठड्याशी उभे होतो. पण शर्यत पर्लला ठरली नाहीच. जवळजवळ १८० किलोमीटर बाकी असताना, वाळवंटात वारा बाजूने लागला आणि बेल्जियम व ब्रिटनच्या मंडळींनी वेग वाढवला. धागा तुटला. पुढे राहिले पंचवीसेक जण, त्यात एकट्या बेल्जियमचे सहा. जर्मनीचे नावाजलेले स्प्रिंटर मागे. पीटर सागान शेवटच्या काहींत कसाबसा पुढच्या गटात शिरला.

मला पुन्हा पाहायचं होतं ते पुढचं नाही, मागचं. मागच्या गटात जर्मन जिवाच्या आकांताने पाठलाग करत होते, आणि त्यांच्यात बेल्जियमचा येन्स डेबुशेरे बसला होता. त्याचे सहा जण पुढे. त्यामुळे तो पाठलागाला हातभार लावणार नव्हताच. उलट रांगेत शिरून जर्मनांची लय मोडत होता. जर्मनीचा जॉन डेगेनकोल्ब शेवटी एवढा चिडला की बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. डेबुशेरेचं नाव त्या दिवशी निकालात कुठे चमकलं नाही. पण पाणी अंगावर घेऊनही त्याने आपलं काम सोडलं नाही. मी माझ्या बारा सेकंदांचा विचार केला. मला तर कोणी पाणीही मारलं नव्हतं. फक्त माझी लेक टाळ्या वाजवत होती.

त्या शर्यतीचा शेवटही शिकण्यासारखा. सहा जण असूनही बेल्जियम हरलं. शेवटच्या मीटरांत सागान कठड्याच्या कडेने निघाला आणि जिंकला. कॅव्हेंडिश दुसरा, बोनेन तिसरा. सागानच्या देशाचा त्याच्याशिवाय एकच माणूस पुढच्या गटात होता. म्हणजे मामा, तुमचंही थोडं खरंच : शेवटच्या दोनशे मीटरला ज्याच्या पायात जोर तोच. पण त्या दोनशे मीटरपर्यंत पोचायलाच पंचवीस जण उरले होते, आणि ते उरले कसे, याचं उत्तर पायात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं : 'चूक माझी. सातारकर, तुझीही माफी.' साताऱ्याच्या पोराने अंगठा पाठवला. दादांनी लिहिलं, 'गुरुवारी पहाटे चार वाजता, अल खोरच्या ट्रॅकवर.' एवढंच.

अल खोरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या बाजूने सुमारे तेहतीस किलोमीटरांचा सलग सायकल ट्रॅक आहे. सर्वांत लांब सलग सायकलमार्ग म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. चौकात रस्त्याखालून भुयारी वाट, त्यामुळे सिग्नल नाही, गाड्या नाहीत. हिवाळाभर दर गुरुवारी आम्ही तिथे एकच गोष्ट घोटली. दादा पुढे जायचे, आणि मी त्यांना जाऊ द्यायचो. ऐकायला सोपं वाटतं. पाय हलके असताना दोनशे मीटर पुढच्या ओळखीच्या पाठीकडे पाहत बसायचं, आणि जोडीच्या कोणी पाठलाग सुरू केला की त्याच्या चाकामागे शिरून गप्प राहायचं. दर दोन मिनिटांनी खांद्यावरून मागे पाहायचं आणि किती जण आहेत ते मोठ्याने सांगायचं. ही माझी शिक्षा होती की शिकवणी, मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत, राष्ट्रीय क्रीडादिनाच्या आठवड्यात, पुन्हा त्याच रस्त्यावर शर्यत. (नव्याने आलेल्यांसाठी : फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार, २०१२ पासून देशभर सुट्टी, आणि त्या दिवशी सगळा दोहा बूट घालून बाहेर पडलेला असतो.) बेत तोच. दादा निघाले, या वेळी चौघे जण सोबत. अंतर वीस सेकंद झालं. मी चौथ्या जागेवर बसलो. दोन मोठे क्लब पाठलागाला लागले. त्यांच्यातला एक जण वळून मला म्हणाला, "तू पण ये की पुढे!" मी नुसती मान हलवली. लेक पुन्हा कठड्याशी होती. सोळा फेऱ्यांत तिने मला एकदाही पुढे पाहिलं नाही.

घंटेला अंतर पाच सेकंद. शेवटच्या सरळ रस्त्यावर, रेषेआधी दोनशे मीटरांवर दादांना पकडलं. पण पकडणारे पाठलागात भाजून निघाले होते. साताऱ्याचा पोरगा माझ्या चाकामागे होता. मी शेवटच्या वळणापर्यंत होतं नव्हतं ते सगळं दिलं, वळून पाहिलं, तो होता, आणि मी बाजूला झालो. तो दुसरा आला. पहिला आलेला अर्ध्या चाकाने पुढे. मी एकतिसावा.

दादांचं नाव निकालात कुठेतरी खाली होतं. पण पदकवाल्यांच्या फोटोसाठी साताऱ्याच्या पोराने त्यांना ओढून नेलं, आणि तो फोटो आता नाशिकला आहे. कारण मार्चमध्ये दादांचं इथलं काम संपलं. वीस वर्षांचा संसार दोन बॅगा आणि एका सायकलच्या खोक्यात बसवून ते परत गेले. खोकं बांधायला आम्ही पाचही जण होतो. पेडलं काढताना डावीकडचं उलट्या आट्याचं असतं हे मी पुन्हा विसरलो, तेव्हा मात्र त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. आता ते गंगापूर धरणाच्या रस्त्यावर चालवतात आणि चढ असल्याची तक्रार करतात.

या हंगामासाठी संघात एक जागा रिकामी आहे. मंडळातल्या कोणाला यायचं असेल तर जरूर या. शर्यत नंतरची गोष्ट; आधी घोळक्यात सरळ रेषेत चालवता आलं पाहिजे, आणि ते दोन-तीन महिन्यांत जमतं. हेल्मेट हवंच, अंधारात निघत असाल तर पुढे-मागे दिवा हवाच, आणि हिवाळ्यातही दोन बाटल्या पाणी. महागडी सायकल नको. आमच्यातल्या दोघांच्या सायकली जुन्या घेतलेल्या आहेत, आणि त्यांपैकीच एकीवर फेब्रुवारीचं दुसरं बक्षीस आलं. घरच्यांना पाहायला आणायचं असेल तर आणा, पण त्यांना आधीच सांगून ठेवा की आपला माणूस पुढे दिसला नाही तर काळजी करू नका.

लेकीला मी फेब्रुवारीच्या शर्यतीनंतर हे सगळं समजावलं. चहाच्या कपांचा घोळका मांडून, साखरेचा डबा दादा म्हणून. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तेव्हा तू पहिला होतास ते चुकून?"

"हो, चुकून."

मामांनी मार्चमध्ये फोनवर विचारलंच, "मग, शेवटच्या शर्यतीत कितवा आलास?"

"एकतिसावा, मामा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "आणि तुमचा संघ?"

"दुसरा."

"मग असं सांग की," मामा म्हणाले, आणि मामींना हाक मारून तेवढंच सांगितलं.